न्हाणीजवळची सळई

दिवा थोडा जवळ सरकवा, मला आताशा दिसायचं कमी झालंय. आणि घाई नसली तर सावकाश ऐका.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. विष्णुपंत गुरुजींचा मार्तंड हैदराबादेत शिकून गावी परत आला, आणि त्याला त्याच्या पेटीसकट पिंगळीच्या टेसनावरून माझ्या बैलगाडीत आणायचं होतं. काम एवढंच. पेटीत काचेचे दिवे होते, रेडिओत असतात तसले. मी गाडी हळूच हाकत होतो, तरी तो पेटी मांडीवरून खाली ठेवीना.

"काय हाय त्यात, धाकले पंत?"

"माणसाच्या अंगात वीज असते, लिंबाजीदादा. काळीज ठोका देतं तेव्हा मुंगीएवढी वीज अंगभर पळते. हे दिवे तिला हत्तीएवढी करतात." त्याचे डोळे नुसते चमकत होते. "पण मुंगीबरोबर कचराही हत्तीएवढा होतो. म्हणून दिवे समोरासमोर जोडलेत. दोन तारांत जे सारखं येईल ते कापायचं, फरक तेवढाच वाढवायचा. हे जमायला मला लय रात्री जागाव्या लागल्या."

मला कळलं ते इतकंच, की पेटीला काळीज ऐकू येतं. मी कासरा ओढला. गाडी थांबली.

"पोटातल्या लेकराचं ऐकू येईल का, पंत?"

माझी कस्तुराबाई आठव्या महिन्यात होती आणि पोटातलं लेकरू हलायचं थांबलं होतं. बायनाबाई सुईण काढा उकळून बसलेली. मेलं असंल तर आजच पाडायला पाहिजे, न्हाईतर आईबी जाईल, असं ती म्हणत होती. जितं असंल तर काढ्यानं मरंल. पोटावर हात फिरवून फिरवून ती थकली, पण तिला सांगता येईना.

मार्तंड स्वतःच्या घरी न जाता माझ्या ओसरीवर उतरला. घंगाळात मिठाचं पाणी करून कस्तुराबाईचे पाय त्यात ठेवले. त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्याच्या घड्या पोटावर, त्यांना तारा. एक तार ओल्या जमिनीत पाहिजे म्हणून त्यानं न्हाणीजवळ लोखंडी सळई ठोकली.

बायनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात जन्मताच गेलेलं लेकरू न्हाणीशेजारी पुरतात. आईच्या अंगावरचं पाणी त्याला मिळत राहिलं, की ते त्याच कुशीत परत येतं म्हणतात. आमचं पहिलं तिथंच होतं.

पेटीचा भोंगा आधी खरखरला. मग धप्... धप्...

"हे वहिनींचं," मार्तंड पुटपुटला आणि त्यानं चावी जराशी फिरवली.

त्या ठोक्यामागून दुसरं काहीतरी आलं. बारीक, घाईघाईचं. टक टक टक टक, चिमणीनं दाणे टिपावेत तसं.

कस्तुराबाई एकदम हसायलाही लागली आणि रडायलाही. मार्तंड ओसरीवर गिरक्या घ्यायला लागला.

"ह्या पेटीलाच लुगडं नेसवून सुईण करा आता," बायनाबाई म्हणाली. "मी जाते घरी."

"सबुर मावशी, खात्री करू," म्हणत मार्तंडनं पोटावरच्या तारा काढल्या.

धप् धप् बंद झालं.

टक टक चालूच राहिलं...

दिवसाउजेडी अंगणात ओल्या मातीचा वास भरला, आणि त्यात हळदीचा, बाळंतिणीच्या खोलीतल्यासारखा. मार्तंडनं सळई उपटली. भोंगा गप. मग ती गोठ्यापाशी ठोकून त्यानं पोटावर पुन्हा तारा लावल्या. आता एकटंच धप्... धप्...

"पेटी बिघडली असंल," मी म्हणालो.

"पेटी ठीक आहे, दादा..."

बायनाबाईनं काढ्याचं भांडं उचललं. कस्तुराबाईनं तोंड फिरवलं.

"सळई होती तिथंच ठोका."

"वहिनी, त्याला शास्त्रात काही आधार नाही."

"मी शास्तर इचारलं का तुमाला?"

ठोकली. टक टक टक टक... आणि तिच्या पदराखाली पोट हललं. चौघांनीही पाहिलं. बायनाबाईनं काढा उकिरड्यावर ओतून दिला.

मार्तंड पेटी घेऊन गेला. सळईला त्यानं हात लावला नाही, आम्हीही नाही. भुजंग जन्मला तो गल्लीभर ऐकू जाईल असा रडत. कस्तुराबाई जन्मभर तिथंच न्हायली. ती गेल्यापासून मी रोज सकाळी सळईच्या बुडाशी कळशीभर पाणी घालतो.

परवा भुजंगला खोकला झाला म्हणून पहाटेच्या गाडीनं परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरानं नळी छातीवर ठेवली, पाठीवर ठेवली, कानातून काढून झटकली, परत लावली. मग मनगट धरलं.

"नाडी तर चांगली आहे," तो म्हणाला. "पण छातीत ठोकाच..."

भुजंग सदऱ्याची बटणं लावत होता. मी त्याचा हात धरून बाहेर पडलो. दुपार झालेली, ऊन कडक.

"आबा, एवढं पळायलाव कशाला?" भुजंग मागून म्हणाला. त्याला धाप लागायलेली.

मी थांबलो नाही. घरी सळईच्या बुडाशी सकाळपासून कुणी पाणी ओतलं नव्हतं.