काढून टाकलेला पूल

दार लाव, याकोपो, धुकं आत येतंय. आणि हसा खुशाल. जन्मभर इतिहास शिकवला नि आता भुताची गोष्ट सांगतोय. मला ती पटते का, ते विचारू नका. अंझोलो सुतार माझा शेजारी. त्यानं सांगितली तशी सांगतो.

सालुतेच्या, म्हणजे त्या घुमटाच्या चर्चच्या सणाला मोठ्या कालव्यावर होड्यांचा पूल घालतात ना, चार दिवसांचा? त्याची अशी सवय लागते की पूल काढल्यावरही आपले पाय तिकडेच वळतात. त्या वर्षी तो काढला नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी. ही त्याच रात्रीची गोष्ट.

अंझोलो बायकोसाठी दम्याचा पंप आणायला बोटीनं पलीकडे गेला. पंप मिळाला, पण तेवढ्यात धुक्यामुळे बोटी बंद झाल्या. तो पायी निघाला. गल्लीत एक बाई भेटली, चाकांची पेटी ओढत.

"अहो, त्या घुमटाच्या चर्चकडे कसं जायचं?"

"आली आणखी एक! सरळ जा."

"पण नकाशात तर..."

"मग नकाशालाच विचारायचं होतं! सरळ जा. पूल लागेल."

पेटी खडखडत धुक्यात गेली. थांबली. मग... पाणी वाजलं.

"काका, तो धावला नाही?"

नाही. बायको, कातेरीना, घरी वाट बघत होती, म्हणायचा. पूल काढलाय हे विसरलो, असंही म्हणायचा. मला सांगता येत नाही. परक्यांवर आपण सगळेच चिडलेलो असतो.

तो लांबच्या दगडी पायवाटेनं कायमच्या पुलाकडे निघाला. जन्म त्या गल्ल्यांत गेलेला. तरी वळला की समोर पाणी. पुन्हा वळला. पुन्हा पाणी. घरी फोन लावला. पलीकडून नुसती धाप ऐकू आली.

एक खिडकी उजळली. "ओ काकू, पुलाकडे कुठून?"

"सरळ." खिडकी बंद.

पुढे कोपऱ्यावर एक म्हातारा उभा होता. अंझोलो ओरडलाच, "आजोबा, नीट सांगा हो! मी इथलाच आहे!"

"इथलाच? मग विचारतोस कशाला? सरळ जा."

तो गेला. गल्ली संपली. समोर... पूल होता.

फळ्या. कठडा. दोन्हीकडे दिवे. सकाळी तो उतरवणाऱ्या टोळीत अंझोलो स्वतः होता. हे त्यानं मला फार उशिरा सांगितलं.

कानात ती धाप. त्यानं पाऊल टाकलं. फळी हलली नाही. दुसरं टाकलं. मागे कुणीतरी चालत होतं. तो थांबला. तेही थांबलं. त्यानं वळून पाहिलं नाही...

घर आलं. कातेरीनानं पंप ओढला. श्वास लागला. ती वाचली. जरा वेळानं त्याच्या खांद्यामागे बघत म्हणाली, "अंझोलो, त्या बाईंना उभं काय ठेवलंस? केवढ्या भिजल्यात..."

दार आतून बंद होतं.

सकाळी त्यानं मला वर बोलावलं. कालव्यावर पूल नव्हता, ते मी येतानाच पाहिलं होतं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. पुराचं पाणी आपल्याकडे तळमजल्याच्या वर कधी चढलेलं नाही. पण पलंगाशेजारच्या भिंतीवर, कातेरीनाच्या उशीच्या उंचीला, पाणी चढून उतरल्यावर राहते तशी शेवाळाची एक हिरवी रेघ होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मी बोट लावलं.

ओली होती.