शिफारस कोण करणार?

“तुमच्या गाऊनला झालर आहे,” फोनवरचा माणूस म्हणाला.

“झालर?”

“आकाशी रंगाची. वरच्या कडेला पितळी रिंगाही आहेत. आमच्या डॉक्टरांनी हे अंगात कसं चढवायचं, तेवढं सांगा.”

मी खुर्चीतून उठलेच. आमच्या कारखान्यात वर्षानुवर्षं हॉटेलांचे पडदे शिवले जायचे. साथ आली, हॉटेलांना कुलपं लागली आणि त्याच मशिनींवर आम्ही हॉस्पिटलचे गाऊन शिवायला घेतले. माल पाठवायची जबाबदारी माझी. त्या सकाळी गोदामातून जुन्या पडद्यांची बारा खोकी चुकून हॉस्पिटलला गेली होती, आणि बोलणारा गृहस्थ तिथलं स्टोअर सांभाळणारा होता.

“पाचपर्यंत बदलून देते.”

“चार,” तो म्हणाला. आवाज शांत, जरा घोगरा.

चारला दहा मिनिटं कमी असताना गाऊन पोचले. पुन्हा त्याचा फोन. “मिळाले. पडदे परत पाठवतोय, पण… एक ठेवून घेऊ का? टेबलावर फार ऊन येतं.”

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

त्यानंतर रोज काहीतरी निघायचंच. बाही आखूड आहे, नाडी तुटते, मानेशी टोचतं. मी त्याचा नंबर ‘कटकट’ म्हणून साठवला होता. त्याने माझा ‘पडदेबाई’ म्हणून साठवलाय, हे त्यानेच एकदा सांगून टाकलं. मग मीही सांगितलं. “शोभतंय,” तो म्हणाला.

याच दिवसांत मी एमबीएचा अर्ज भरत होते. दोन वर्षं ठरवून ठेवलेलं, प्रवेश परीक्षा देऊन झालेली. पण आता अर्जातल्या एका प्रश्नाशी मी अडायचे. ‘आत्ताच का?’ बाहेर रस्ते ओस पडलेले, शेजारचे काका जाऊन आठवडा नव्हता झाला, आणि मी दूरच्या शहरातल्या वर्गात बसायची स्वप्नं बघत होते. सकाळी वाटायचं, जायलाच हवं. दुपारी वाटायचं, आपण स्वार्थी आहोत. संध्याकाळी आई म्हणायची, “एक काय ते ठरव बाई, तुझ्या तोंडाकडे बघून माझंच डोकं दुखायला लागलंय.”

दोन शिफारशी लागणार होत्या. एक आमच्या साहेबांनी दिली. दुसरी कंपनीबाहेरच्या, पण माझं काम पाहिलेल्या माणसाची हवी होती. मी खूप विचार केला आणि कटकटला फोन लावला.

“मी? आपण तर नुसते भांडलोय.”

“म्हणूनच. माझ्या इतक्या चुका दुसऱ्या कुणाला माहीत नाहीत.”

“हं,” तो म्हणाला. “फॉर्म पाठवा.”

तो फॉर्म मन लावून भरत होता, म्हणजे अगदीच मन लावून. रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा आणि एक प्रश्न वाचून दाखवायचा. मागे खोकी सरकवल्याचा आवाज, कधी पत्र्यावर पावसाची टपटप.

“दबावाखाली अर्जदार कशी वागते?”

“तुम्हीच लिहा ना.”

“‘चारची वेळ दिली की चारला दहा कमी असताना हजर.’ चालेल?”

“चालेल.”

“पुढचा प्रश्न. अर्जदारात कोणती सुधारणा व्हायला हवी?”

“सांगा, कोणती?”

“फोन… फार लवकर ठेवते.”

मी फोन ठेवला. लगेच. मग पाच मिनिटं तो हातात धरून नुसती बसून राहिले. कान गरम झालेले. समोर शिलाईवाल्या मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी भुवई उडवली आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

त्याचा चेहरा मी पाहिलाही नव्हता. बाहेरगावी जायचा अर्ज भरतानाच त्या माणसाच्या फोनची वाट बघायची, हे कसलं वागणं? अर्ज खरा की वाट बघणं खरं? मला काही कळेनासं झालं होतं.

शुक्रवारी मुदत संपत होती. बुधवारी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

“शिफारस मला देता येणार नाही.”

“का?”

“शेवटच्या पानावर सही करायचीय, की अर्जदाराशी माझा कामापलीकडे काही संबंध नाही.”

“मग? नाहीच आहे.”

“तुमच्या बाजूने नसेल,” तो म्हणाला. “माझ्या बाजूने… आता तसं राहिलं नाही. खोटी सही मी गाऊनच्या पावतीवरसुद्धा करत नाही.”

माझं डोकंच फिरलं.

“दोन दिवस उरलेत, आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?”

“काल कळलं मला.”

मी रिक्षा पकडून थेट हॉस्पिटल गाठलं. मागच्या दारात टेम्पो उभा होता. बाजूला मास्क लावलेला एक उंच माणूस खोकी मोजत होता. मी तरातरा गेले आणि सुरू झाले. “तुम्हाला काय वाटलं, असं काहीतरी बोलून फोन ठेवला की झालं? दोन वर्षं वाया गेली माझी. आणि वर मला आनंद व्हावा की राग यावा, तेही कळू देत नाही तुम्ही.”

त्या माणसाने हातातलं खोकं खाली ठेवलं. “ताई, मी ड्रायव्हर. ते आत आहेत.”

आतल्या दारात एक मध्यम उंचीचा, चष्मेवाला माणूस उभा होता. मास्कच्या वाफेने चष्मा धुरकटलेला. त्याने तो काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि डोळे मात्र हसू दाबणारे.

“सगळं ऐकलं,” तो म्हणाला. “आत चला. मी रात्रभर तुमच्या फॉर्मचाच विचार करत होतो.”

त्याच्या टेबलामागे खरंच आमचा आकाशी पडदा लावलेला होता. मी तो न बघितल्यासारखं केलं.

तो मला मेट्रनबाईंकडे घेऊन गेला. पन्नाशीच्या, करारी बाई, पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसलेल्या. बाही आखूड असल्याची तक्रार मुळात त्यांची होती.

“तू ती होय?” त्या म्हणाल्या. “मी सोमवारी बाही आखूड म्हटलं आणि गुरुवारी लांब बाहीचे गाऊन आले. माझ्या मुली तेव्हापासून मनगटाला चिकटपट्टी लावत नाहीत. आण तो फॉर्म.”

वीस मिनिटांत त्यांनी सगळं लिहिलं. शेवटच्या पानावर सही करताना आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, “माझा काही संबंध नाही बरं का. कामापलीकडे.”

दारापर्यंत तो सोडायला आला. दोघांमध्ये हातभर अंतर.

“त्या बोलण्याचं उत्तर आत्ता देऊ नका,” तो म्हणाला.

“माझ्याकडे नाहीच आहे.”

“बरं. मग भांडण चालू ठेवू.”

मुलाखत संगणकाच्या पडद्यावर झाली. ‘आत्ताच का?’ त्यांनी विचारलंच. पाठ केलेलं उत्तर मी विसरले. म्हटलं, आम्ही रात्रीतून पडद्याचे गाऊन केले, पण ते कसं जमलं ते मला अजून समजलेलं नाही. ते समजून घ्यायचंय. महिन्याने प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. आई रडली, मी रडले, आणि कुणाला कशाचं रडू येतंय ते कुणी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तो कारखान्याच्या फाटकाशी आला. रिमझिम चालली होती. छत्री एकच होती. ती त्याने माझ्या हातात दिली आणि स्वतः भिजत उभा राहिला.

“राहा, असं म्हणणार नाही मी,” तो म्हणाला.

त्याने म्हणावं, असं मला वाटत होतं. म्हटलं असतं, तर राग आला असता.

“नीट शिका. पोचलात की एक निरोप टाका.” एवढं बोलून तो गेला. कोपऱ्यावर वळताना एकदा थांबला, पण मागे बघितलं नाही. मी छत्री मिटायचीही विसरून ऑफिसात शिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगेची चेन लावत असताना मेल आला. वसतिगृह बंद. पहिलं सत्र घरूनच, ऑनलाइन. पुढचं पुढे कळवू.

मी बॅगेवरच बसले. हसावं की रडावं? मग फोन लावला.

“पोचलात इतक्यात?”

“निघालेच नाही. चार महिने तरी इथेच आहे.”

“म्हणजे काल मी एवढं शहाण्यासारखं वागलो, ते फुकट गेलं?”

“अगदी फुकट.”

“आणि चार महिन्यांनंतर?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “मला काहीच माहीत नाही. फक्त… आज तू किती वाजता सुटतोस?”

त्या एकेरी शब्दाने आम्ही दोघंही दचकलो.

“चारला,” तो हळूच म्हणाला. “तू सांगशील तर तीनला.”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. काय काय ऐकलं होतं, कोण जाणे. तिने बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “ते कपडे बाहेर काढ आधी,” ती म्हणाली. “आणि त्यातला बरासा एक अंगावर घाल.”