चतुराबाईंचा बैल आणि सहा हजार पानं

चतुराबाई दोन कोस चालून आल्या होत्या, तरी बसायला तयार नव्हत्या.

"बाई, परवा सुनावणी हाय," त्या दारातूनच म्हणाल्या. "अन् हस्ताचा पाऊस पडलाय. आठ दिसांत ज्वारी पेरली न्हाई तर वरीस गेलं. एका बैलावर तिफण कशी वढू?"

वत्सलाबाईंनी हातातलं निवडायचं सूप बाजूला ठेवलं. सरकारी रेकॉर्ड खोलीत तीस वर्षं नोकरी करून त्या कडा गावी राहायला आल्या होत्या. कुणाचा फेरफार हरवला, कुणाची खोटी सही झाली, की लोक त्यांच्याकडे येत. शेजारचे रामहरी एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तपासाला जायचं तर जीप त्यांची आणि डोकं बाईंचं.

चतुराबाईंची हकिगत सरळ होती. दुष्काळात जनावरं जगवायला सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली. आसपासच्या आठ गावांची चारशे जनावरं तिथं होती. चतुराबाईंचे दोन खिल्लार बैलही होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायला बहुतेक मालकांनी त्याच दिवशी आपापले बैल घरी नेले. चतुराबाई तापानं पडल्या होत्या. पोळ्याच्या सकाळी त्यांचा दीर शहादेव बैल आणायला गेला, तर दावणीला एकच बैल. कानात दोनशे सतरा नंबरचा बिल्ला असलेला पांढरा बैल नव्हता. तुमच्याच घरच्या कुणीतरी नेला असेल, असं संस्थेनं सांगितलं. दोन दिवसांनी छावणी बंद झाली आणि वह्या तालुक्याच्या कचेरीत जमा झाल्या.

म्हणून चतुराबाईंनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. वत्सलाबाईंनी तो मोठ्यानं वाचला. तालुक्यातल्या सर्व छावण्या, गेली दहा वर्षं, दररोजची जनावरांची हजेरी, चारा, पेंड, पाणी, औषधोपचार, दावणींचे नकाशे आणि फोटो.

दुसरा कागद कचेरीचं उत्तर होतं. मागणी अतिव्यापक आहे, सुमारे सहा हजार पानं होतील, कार्यालयाचं बाकीचं काम थांबवावं लागेल, तरी नेमकी माहिती मागावी. त्यावर केलेल्या अपिलाची परवा सुनावणी होती.

"माहिती दडवतायत," रामहरी म्हणाले.

"उत्तर बरोबर आहे, रामहरीभाऊ. मी त्या खुर्चीवर असते तर हेच लिहिलं असतं." बाईंनी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी मनात. मग विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"भावजींचं."

शहादेवकडं जाताना वाटेत रामहरींनी आपलं मत सांगून टाकलं. दीर-भावजयीचा बांधावरून वाद होता, हे त्यांच्या कानावर होतं. बैल आणायला गेला तोच, अर्ज लिहिला त्यानंच. आणखी काय शोधायचं?

शहादेव रानात कुळव दुरुस्त करत होता. वाद आहे हे त्यानं लपवलं नाही.

"म्हणून काय बैल चोरंन व्हय मी? वैनीला फक्त एवढं इचारायचं होतं, दोनशे सतरा नंबर कुणी नेला. एक वळ लिव्हली की झालं. पण त्रिंबकराव म्हणले, एवढुशा अर्जाला कुणी इचारत न्हाई, मोठं मागा म्हंजी घाबरतील."

त्रिंबकराव संस्थेचे सचिव. वह्यांची नावं त्यांनी एकेक करून सांगितली. सगळा तालुका आणि दहा वर्षं मात्र शहादेवनं स्वतःच्या रागानं घातली होती. सचिवांनी लई मदत केली, असं तो दोनदा म्हणाला.

"छावणीत वह्या किती होत्या?" बाईंनी विचारलं.

शहादेवला नीट सांगता येईना. चाऱ्याची एक दिसायची. दुसरी दारावरच्या बंकटकडं. तिच्यात पोळ्याच्या दिवशी त्यानं सही केली होती, एकाच बैलापुढं.

दारावरचा बंकट आता कड्याच्या चौकात रसवंती चालवत होता. वह्या किती, या प्रश्नावर तो छाती काढून बोलला. आतल्या वह्या सचिवांच्या, त्यांच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, दारावरची त्याची. त्याला आकडे येत, अक्षरं येत नव्हती. तो बिल्ल्याचा नंबर लिही आणि बैल नेणाऱ्याची त्यापुढं सही घेई.

"चेअरमन असो का सचिव, जो दोरी धरंल त्यानं सही करायची. न्हाईतर जनावर भाईर न्हाई."

"मग चतुराबाईंचा बैल कुणी नेला हे दिसलं नाही?" रामहरींनी टोचलं.

"खांदमळणीला दारात जत्रा होती, ड्रायव्हरसाहेब. मी कान बघतो, तोंड न्हाई बघत." रस गाळता गाळता तो छावणीच्या आठवणीत शिरला. वैशाखात सात जनावरं दगावली. त्यात त्रिंबकरावांचाही एक बैल गेला, तेव्हा सचिव सगळ्यांदेखत रडले होते.

संस्थेच्या कार्यालयात त्रिंबकरावांनी चहा मागवला आणि चतुराबाईंची तब्येत विचारली. भिंतीवर यंदाच्या पोळ्याचा मोठा फोटो होता. तोरणाखाली सर्वांत पुढं झुली घातलेली पांढरी जोडी आणि शेजारी फेट्यातले त्रिंबकराव. रामहरींनी जोडीची तारीफ केली. गावात तोरणाखालून पहिली जोडी त्यांच्याच घरची जाते, चार पिढ्यांचा मान आहे; एका वर्षी जोडी निघाली नाही तर मान दुसऱ्या घराकडं जातो, असं त्रिंबकरावांनी सांगितलं.

बाईंनी त्यांनाही वह्या विचारल्या. त्यांनी बोटांवर मोजल्या. हजेरी, चारा, पेंड, पाणी, औषधोपचार, नकाशे, फोटो. सात.

"परवा मी स्वतः येतो सुनावणीला," ते म्हणाले. "अर्जातला एक शब्दही कमी करू नका. कमी केला की हक्क गेला."

जीपमध्ये बसताना रामहरी म्हणाले, "इतका भला माणूस क्वचित."

वत्सलाबाईंनी अर्ज पुन्हा उघडला.

सुनावणीला त्रिंबकराव चतुराबाईंच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले. अपील अधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, सहा हजार पानांचा आग्रह आहे का.

"नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "बाकी सगळं आम्ही सोडतो. फक्त या एका छावणीची दारावरची वही, खांदमळणीचा दिवस, बिल्ला दोनशे सतरा. जिथं तो नंबर असेल तेवढंच पान दाखवा."

त्रिंबकराव उठलेच. असं केलं तर मूळ अर्जच बाद होईल, बाईमाणसाची फसवणूक होतेय, असं ते म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी त्यांना बसायला सांगितलं आणि शिपायाला रेकॉर्ड खोलीत पाठवलं.

चतुराबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"पान येईपर्यंत सांगते," वत्सलाबाई म्हणाल्या. "या अर्जात दहा वर्षांची पेंडसुद्धा मागितलीय. पण बैल गेला दारातून, आणि दाराची वही मागितलेली नाही. मी तिघांना एकच प्रश्न विचारला, वह्या किती. शहादेवनं दारावरची वही आपणहून सांगितली. आपण तिच्यात सही केली हेही सांगितलं. ज्याला त्या वहीची भीती आहे तो असं बोलत नाही. बंकटला तर तिचा अभिमान आहे. वह्यांचा कारभार ज्यांच्याकडं, त्या सचिवांना मात्र ती आठवली नाही. अर्जातल्या सात वह्या त्यांनी त्याच क्रमानं मोजल्या."

"विसरलो असेन," त्रिंबकराव म्हणाले.

"तुम्ही अर्ज मोठा केलात, म्हणजे तो फेटाळला जाईल. आणि चुकून मंजूर झालाच, तरी ते पान येणार नाही याचीही काळजी घेतलीत."

रामहरींना अजून उलगडत नव्हतं. "पण सचिवांना बैल कशाला हवा?"

"त्यांचा एक बैल वैशाखात मेला, रामहरीभाऊ. मग भिंतीवरच्या फोटोत पोळ्याला जोडी कुठून आली? आठ गावांच्या छावणीत त्यांच्या उरलेल्या बैलाला शोभेल असा एक पांढरा खिल्लार होता. परक्या गावचा. झूल घातली, शिंगं रंगवली, की कोण ओळखतंय? एका दिवसासाठी नेला असणार. पण दुसऱ्या दिवशी छावणीत बोंब झाली. परत आणायचा तर कबूल करावं लागलं असतं."

शिपायानं वही आणली. अधिकाऱ्यांनी पान काढलं, बोट फिरवत एका ओळीवर थांबल्या आणि वही चतुराबाईंकडं वळवली. चतुराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी वत्सलाबाईंकडं पाहिलं.

"एकशे चार, म्हणजे सचिवांचा स्वतःचा असणार, आणि दोनशे सतरा, लागोपाठ," वत्सलाबाईंनी वाचून दाखवलं. "दोन्हींपुढं एकच सही. त्रिंबक."

बैल शिरूर कासारला लेकीकडं आहे, त्याला काही कमी पडू दिलं नाही, असं त्रिंबकराव हळू आवाजात म्हणाले. मग चतुराबाईंकडं वळले.

"ताई, आज अंधार पडला की टेम्पोनं तुमच्या दारात आणून सोडतो. कुणाला कळायला नको."

"न्हाई," चतुराबाई म्हणाल्या. "टेम्पो तुमच्या गावापस्तोर आणा. तिथून पुढं दोरी तुमी धरायची. तोरण बांधता त्या वेशीतून, दिवसाढवळ्या, पायी आमच्या गावाला."

पोलिसांत तक्रार द्यायची का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं.

"देणार की. पेरणी उरकली की येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्रिंबकराव गावाच्या वेशीतून बैल घेऊन निघाले. माणसं दुतर्फा उभी होती. अडीच कोसांचं अंतर त्यांनी मागं न पाहता कापलं.

चतुराबाईंनी दोरी हातात घेतली, बैलाला पाणी दाखवलं आणि घटकाभर सावलीला उभं केलं. तीनच्या सुमाराला तिफण रानात उतरली.