कुसू केसभर जाड

जर्मनीत, ब्राउनश्वाइगमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी शिरले, तेव्हा एक उंच मुलगा नुसत्या पायमोज्यांत जमिनीवर बसून, हातोडी उगारून फळीला विनवत होता, "बस ना गं बाई, किती भाव खाशील?"

चक्क मराठी!

"हळू मारा हं... लागेल तिला," मी म्हटलं.

हातोडी हवेतच थांबली. त्याचे कान लालेलाल झाले — आणि माझी विकेट तिथेच पडली.

हा ओजस. दोन वर्षं क्योटोत जपानी सुतारकाम शिकून आलेला आर्किटेक्ट. मी ईश्वरी, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्राने लाकूड कापण्यावर पीएच.डी. करणारी. २००७च्या त्या उन्हाळ्यात आम्हाला दोघांना मिळून विद्यापीठाच्या हिरवळीवर बिनखिळ्यांचा मंडप उभारायचा होता. यंत्राने कापलेले पहिले सांधे चक्क खुळखुळले. आमच्या प्रोफेसरबाईंनी बजावलं, पुन्हा एकही सांधा हलला तर प्रोजेक्ट बंद. म्हणजे ओजस परत क्योटोला! मी रात्र रात्र जागून मापं तपासू लागले.

तो मात्र मजेत शिकवत होता. "हे कुसू, म्हणजे खाचेत शिरणारं टोक. आधी हातोडीने चेपायचं, मग ते अलगद आत जातं. नंतर ओल लागली की फुगून घट्ट बसतं."

"रुसल्यासारखं?"

"तुझ्यासारखं."

मी रुसलेच नाही. यंत्रापाशी जाऊन नवे सांधे कापायला घेतले.

उभारणीच्या दिवशी भुरभुर पाऊस. ओजसने पहिलं कुसू लावून पाहिलं, शिरेना.

"ईश्वरी, चुकलीस! केसभर जाड झालंय."

"चुकले नाही. तुझी हातोडी चेपेल, तेवढंच जास्त ठेवलंय."

"मुद्दाम?"

"जा! यंत्रानेच सगळं केलं, तर तुझी गरज कुणाला उरणार?"

तो बघतच राहिला. पापण्यांवरून थेंब ओघळत होते, पुसायचंही भान नव्हतं त्याला.

"गरज... मंडपाला, की—"

"आधी ठोक!"

त्याने एकेक कुसू चेपलं, मी खाच त्याच्यासमोर धरली. संध्याकाळपर्यंत लाकूड पाऊस पिऊन टम्म फुगलं. प्रोफेसरबाईंनी दोन्ही हातांनी खांब गदागदा हलवला. तो जागचा हलला नाही.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचं कामही तुम्ही दोघांनीच करायचं."

त्या गेल्या. ओजस खांबाला टेकून हसत उभा होता.

"ठोकून झालं. आता तरी सांग ना... गरज मंडपाला, की तुला?"

"मला," मी म्हटलं. "मंडपाला आता तुझी काही गरज नाही."