काळ्या पिशवीतली बोटं

हरसूलच्या साथीच्या कॅम्पापाशी बैलगाडी थांबली आणि जहिदा धावत सुटली. नाशिकहून औषधं आली असणार! पेटीची कडी तिनं काढलीसुद्धा असती, पण गाडीवरच्या तरुणानं झाकणावर हात दाबला.

“उघडू नका... उजेड लागला तर सगळं वाया जाईल.”

“औषधाला उजेड कधीपासून बाधायला लागला?”

“काचेच्या प्लेटी आहेत. मी नियाज, फोटोग्राफर.”

जहिदा कॅम्पातली एकुलती एक नर्स. तिचं डोकंच फिरलं. “इथं पटकीनं माणसं मरताहेत, आणि तुम्ही फोटो काढणार?”

“मेलेल्यांचेच काढायचेत,” तो खाली बघत म्हणाला.

गावातले पुरुष मजुरीला लांब गेले होते. ते येईपर्यंत घरच्या माणसाला माती देऊन झालेली असायची. निदान शेवटचं तोंड दिसावं, म्हणून कॅम्पातल्या डॉक्टरांनी नियाजला बोलावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी फ्लॅशची पूड भडकली आणि त्याचा उजवा हात भाजला. प्लेट चौकटीत बसवायची ती अंधारात, आणि या डोंगरात अंधारी खोली कुठली? त्यासाठी त्याच्याकडे जाड काळ्या कापडाची, दोन बाह्यांची पिशवी होती. आता एका बाहीत त्याचा डावा हात, दुसरीत जहिदाचा उजवा.

“आधी औषधाच्या जांभळ्या पाण्यात हात बुडवा,” ती दरडावायची.

“किती वेळा? कातडं सोलून निघेल.”

“निघू दे. जीव तरी राहील.”

पिशवीत बोटांना बोटं लागायची. तो उगाच चाचपडतोय हे तिला कळायचं.

“प्लेट या बाजूला आहे.”

“मी कुठं प्लेट शोधतोय?”

ती हसू दाबून तोंड फिरवायची... आणि समोर चादरीखाली कुणीतरी निजलेलं दिसायचं. मग आपल्या सुखाची तिला लाज वाटायची.

नियाजच्या निघायच्या दिवशी एकच प्लेट उरली.

“हिच्यावर तुमचा फोटो,” नियाज म्हणाला. “शुक्रवारी मालेगावची माणसं माझं लग्न ठरवायला येताहेत. मी पसंत केलेल्या मुलीचं तोंड पाहिल्याशिवाय अम्मी त्यांना नकार द्यायची नाही. आणि या साथीत अम्मीला इथं आणू कशी?”

जहिदानं पदर सारखा केला, केस मागं सारले आणि उजेडात बसली. तेवढ्यात गावातला झिपरू आला. हातांवर मेलेल्या भावजयीला आणलं होतं.

“भाऊ नाशिक रोडला कामाला हाय,” तो म्हणाला. “त्याला तोंड तरी दिसू द्या.”

नियाजनं मान खाली घातली. जहिदाच उठली. मयताचे केस विंचरले, कुंकू फिसकटलं होतं ते नीट केलं. तिच्या जागेवर त्या बाईला टेकवून बसवलं आणि फोटो निघाला.

प्लेट काढायला दोघांनी पिशवीत हात घातले.

“आता अम्मीला काय दाखवू?” त्यानं विचारलं.

तिनं त्याची बोटं घट्ट धरली. “सांगा, मुलीनं हात दिलाय.”

“मग चला माझ्याबरोबर.”

“साथ हटल्याशिवाय नाही.” ती म्हणाली. “आणि मला काही झालं... तर फोटोला तुम्हालाच बोलावतील.”



“मालेगावच्यांना मी स्वतः नाही म्हणतो,” नियाज म्हणाला. “आणि परत येईन तो कॅमेऱ्याशिवाय. तुम्ही जित्या राहा.”

गाडीवान हाका मारत होता. दोघांनीही पिशवीतून हात बाहेर काढले नाहीत.