बिनढगाचं चित्र

मेक्नेसहून आझ्रूला जाणाऱ्या टॅक्सीत पुढच्या एका सीटवर दोघांना कोंबतात. त्या दिवशी ती दोघं म्हणजे मी आणि लांबलचक नळकांडं घेतलेला एक तरुण. नळकांड्याचं टोक माझ्या गुडघ्यात रुतत होतं.

"हे जरा आवरता का?"

"सॉरी… यात माझी तीन वर्षं आहेत."

"मग ती माझ्या गुडघ्यावर कशाला ठेवलीत?"

तो हसला. गालाला खळी पडली आणि मी उगाचच खिडकीबाहेर बघू लागले. नाव निझार, रबातचा. मी माझं 'तूदा' एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आझ्रूत भूदृश्य-पर्यावरणवाल्यांच्या परिषदेत तो नकाशा मांडणार होता. जंगल, कुरण, ओढे एकमेकांना कसे जोडलेले असतात, हे शिकणारं आमचं शास्त्र. 'आमचं' म्हणते, कारण मीही त्याच परिषदेला निघाले होते. पण ते मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, बघू तरी किती फुशारक्या मारतो.

"दाखवा की."

त्यानं नकाशा हातभर उलगडला. देवदारांचं रान हिरवं, आणि त्याच्या काठाला मोठा लाल डाग. त्यावर लिहिलेलं – 'ओसाड. कुंपण घालून झाडं लावावीत.'

तो डाग म्हणजे आमच्या गावाचं अगदाल, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं कुरण. माझा बाप, मोहा, त्याचा राखणदार. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"उपग्रहानं हे चित्र कधी काढलंय?"

"वीस ऑगस्टला. एकसुद्धा ढग नाही!" तो कौतुकानं म्हणाला. "वसंतातली सगळी चित्रं ढगाळ."

"म्हणून ऑगस्टचं घेतलंस?" रागात मी 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, मलाच कळलं नाही. "अरे शहाण्या, मार्चपासून दहा जुलैपर्यंत तिथे कुणाचं कोकरूही शिरत नाही. दहाला कुरण उघडतं आणि चार हजार मेंढ्या महिनाभर चरतात. नंतर तू बघणार आणि म्हणणार ओसाड? लग्नाच्या पंगती उठल्यावर उष्टी ताटं बघायची आणि म्हणायचं, या घरात चूलच पेटत नाही!"

ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला.

"उद्या… वनखात्याचे लोक हाच नकाशा मागणार आहेत," निझार पुटपुटला.

"म्हणजे परवा कुंपण. मग आमच्या मेंढ्यांनी काय तुझी तीन वर्षं खायची?"

त्यानं नकाशा गुंडाळून नळकांड्यात घातला. आझ्रू जवळ आलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "कुरण दाखवशील?"

जून चालू होता, कुरण अजून बंद. त्याच दुपारी मी त्याला तिथे नेलं. हद्दीवरच्या दगडांच्या रांगेपाशी बा काठी रोवून उभा होता.

"बा, याला बघायचंय."

"बघू दे. डोळ्यांना मनाई नाही, पायांना आहे."

रांगेपलीकडे मांडीएवढं गवत होतं, त्यात पिवळी फुलं, फुलांवर माश्यांची गुणगुण. निझार दगडांपाशी उकिडवा बसला. बोट पुढं करून त्यानं एका पात्याला हलकेच हात लावला. तेवढ्यावरही बाची काठी वाजली.

"मी हे मारून टाकलं होतं…" तो म्हणाला.

तेवढ्यात गारा कोसळायला लागल्या. आडोसा कुठेच नव्हता. त्यानं नळकांडं उघडलं आणि नकाशा माझ्या आणि बाच्या डोक्यावर धरला.

"अरे, तुझा नकाशा!"

"चुकीचाच आहे ना."

लाल शाई ओघळून त्याच्या पांढऱ्या बाहीवर उतरली. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या बाहीकडे.

खरं तर इथे माझा राग जायला हवा होता, पण तो वाढला. हा माणूस मला आवडला होता आणि उद्या हाच माझ्या गावाची वाट लावू शकत होता. त्यापेक्षा परक्या माणसावरचा राग परवडला. आणि "काहीतरी करतो" एवढं बोलून जो गेला, त्याचा रात्रभर साधा निरोपही नाही.

सकाळी मी बाला घेऊनच परिषदेला गेले. दारावर पाच भाषांत 'सर्वांचं स्वागत', आमच्याही भाषेत. ही मंडळी मनानं वाईट नाहीत. बहिऱ्यांसाठी खुणांनी सांगणारी बाई ठेवतात, लेकुरवाळ्यांसाठी खोली देतात. माझं अडखळतं पहिलं भाषण त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. पहिल्या रांगेत एक खुर्चीही राखून ठेवतात – 'ज्यांच्या भूमीबद्दल बोलतोय, त्यांच्यासाठी'. तीन वर्षांत तिच्यावर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तर तिच्यावर चक्क कोट टाकलेला होता.

"हा कोट कुणाचा आहे?" मला माइकची गरज पडली नाही.

अध्यक्षा झुलैखाबाई, ओरानच्या, सत्तरीच्या, ओशाळून उठल्या. "माझाच गं. लाज काढलीस, बरं केलंस." त्यांनी स्वतः कोट उचलला. बा काठी सावरत खुर्चीवर बसला.

निझार उभा राहिला. डोळे सुजलेले, बाहीवर तोच लाल डाग. मागचा पडदा कोरा होता.

"नकाशा नाही. मी चुकलो. ढग टाळायच्या नादात मी वर्षातला चुकीचा दिवस निवडला. ते कुरण जिवंत आहे. ज्यांना ते कळतं, ते इथे बसलेत. पुढचा नकाशा त्यांच्यासोबत, त्यांच्या नावानं होईल, नाहीतर होणार नाही."

"आणि कुंपण?" वनखात्याच्या साहेबांनी विचारलं.

बा बोलला, मी भाषांतर केलं. "कुंपण आहे आमचं. गुडघ्याएवढ्या दगडांचं. आजवर कुणी ओलांडलं नाही."

"नकाशाशिवाय दुसरं कुंपण कशाच्या जोरावर घालणार, साहेब?" झुलैखाबाईंनी विचारलं. साहेबांनी फाइल मिटली.

बाहेर मी निझारला गाठलं. "एक निरोप देता येत नव्हता?"

"ढगाळ चित्रं चाळत होतो… दोनशे. एका ढगाला भोक होतं." त्यानं फोन पुढं केला. ढगाच्या भोकातून आमचं कुरण दिसत होतं, हिरवंगार. "अजून रागावलीयस?"

"हो."

"कधीपर्यंत?"

"दहा जुलैपर्यंत. तोवर पायांना मनाई."

दहा जुलैला सगळं गाव दगडांच्या रांगेशी उभं होतं. बानं हाक दिली. मेंढ्या उधळल्या, पोरंबाळं, कुत्री, सगळे आत धावले. निझार मात्र अलीकडेच उभा राहिला, बूट हातात घेऊन.

"तूदा… आज तारीख काय?"

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे म्हणून तर आलोय. मला तू आवडतेस. टॅक्सीत बसल्यापासून."

"मलाही तू आवडतोस. त्याचाच तर संताप होता सगळा."

मी त्याचा हात धरला आणि दगड ओलांडले.

"चल लवकर," मी म्हटलं. "मेंढ्या पुढे गेल्या."