वजा एकशे सतरा टोपल्या

"आबा, आठव्या वर्षी आपल्या खाडीत वजा एकशे सतरा टोपल्या तिसऱ्या!" केतकी किंचाळलीच.

तिचे समुद्रशास्त्रज्ञ आजोबा पोट धरून हसले. "शेजारच्या खाडीकडून उसन्या आणल्या वाटतं!"

केतकीला मात्र हसू येईना. तिसऱ्या, म्हणजे चिखलातले ते चविष्ट शिंपले, दरवर्षी घटत चालले होते. खाडी वर्षभर बंद ठेवायची का, हे आज संध्याकाळी गाव ठरवणार होतं. बंद झाली तर तिसऱ्या विकून घर चालवणाऱ्या तिच्या आईनं काय करायचं? म्हणून आबांच्या तरंगत्या प्रयोगशाळेत बसून ती खाडीचं प्रतिमान (खऱ्या गोष्टीची आकड्यांतली नक्कल) बनवत होती.

स्प्रेडशीटच्या (चौकटींच्या तक्त्याच्या) एका ओळीत एक वर्ष. चिखलात रांगणाऱ्या रोबोंनी मोजलेल्या चारशे टोपल्या पहिल्या चौकटीत. त्यात नव्या मिळवायच्या, पाच टोपल्यांमागे एक. मग काढलेल्या एकशेवीस वजा करायच्या. उरतील तेवढ्यांनी पुढची ओळ सुरू. सूत्र खाली ओढलं, की वर्षं भराभर पळायची.

"तुझ्या तक्त्यातली माणसं भलतीच अडेलतट्टू," आबा म्हणाले. "चिखल रिकामा झाला तरी एकशेवीसच मागतात! खऱ्या बायका काय करतात?"

"टोपली भरेना की बारक्याही उचलतात. आई म्हणते, मी नाय उचलल्या तर शेजारीण उचलेल."

"मग तेही लिही की! माणसांची सवयसुद्धा खाडीचाच भाग आहे."

केतकीनं 'बारक्या उचलणाऱ्या बायका' असा नवा रकाना घातला. वजा आकडे गेले, पण तिसऱ्या आणखी लवकर संपल्या. कमी मिळाल्या की बारक्या जायच्या, बारक्या गेल्या की पुढच्या वर्षी आणखी कमी. याला म्हणतात फीडबॅक (परिणाम फिरून कारणावरच येणं). खाडी वर्षभर बंद करून पाहिली. आकडा वाढला आणि उघडताच पुन्हा घसरला. सवय तीच होती ना! मग खाडी उघडीच ठेवून त्या रकान्यात तिनं शून्य घातलं. दोन वर्षं मिळकत कमी, नंतर चढतीच.

संध्याकाळी देवळाच्या भिंतीवर तक्ता झळकला. पहिला प्रश्न आईनंच विचारला.

"ही पहिली दोन वर्षं टोपली अर्धीच भरणार?"

केतकीनं त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "हो आई. खोटं कशाला सांगू?"

"होरा आहे काय हा?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"नाही. असं वागलो तर काय होईल, ते आधी करून बघणं आहे," केतकी ठामपणे म्हणाली.

आई शेजारणीकडे वळली. "मी बारक्या सोडते. तू सोडशील?"

शेजारणीनं भिंतीवरचा तक्ता पुन्हा एकदा पाहिला. मग तिनं हात वर केला. एकामागून एक सगळ्या बायकांचे हात वर गेले.

मघाशी केतकीनं ते शून्य आपल्या मनानं घातलं होतं. आता ते गावानं दिलं होतं. तिला इतका आनंद झाला, की डोळेच भरून आले.

"रडतेस काय गो?" आई म्हणाली. "पुढची वर्षं दाखव."